पेरा, रास आणि सातबारा

(भिसेगाव, ता. कर्जत, जि. रायगड येथील कार्यकर्त्याने कापूस-ज्वारी उत्पादकांच्या जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



मी येतो भिसेगावहून. कर्जत स्टेशनाला लागून असलेले गाव, मुलूख भाताचा. जून-जुलैत तुम्ही आभाळाकडे बघत बसता, त्याच महिन्यांत आमच्याकडे पाऊस जरा थांबू दे म्हणायची पाळी येते. भाकरीही आमची तांदळाची. तेव्हा कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत या भातवाल्याचे काय काम, असे कुणाच्या मनात आले असेल तर त्यात चूक काही नाही. त्यातून आजचा विषय अमेरिकेतला. माणसाचे स्वातंत्र्य कुठवर आणि सरकारचा अधिकार कुठवर, मधला बांध कुठे घालायचा, यावर तिथे दोनशे वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे. आजही चालू आहे.

हा वाद मोठमोठ्या शब्दांत होतो म्हणून तो शहाण्यासुरत्यांचा वाटतो. पण शेतकऱ्याच्या भाषेत आणला तर प्रश्न तीनच. शेतात काय पेरायचे हे कुणी ठरवायचे? खळ्यावर पडलेली रास कुणाची? आणि सातबाऱ्यावरचे नाव कुणाच्या मर्जीवर टिकायचे? या तिन्ही प्रश्नांवर अमेरिकेत साधी माणसे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. कुणी जिंकले, कुणी हरले. आणि हेच तीन प्रश्न आपल्याही दारात उभे आहेत.

तसे अमेरिकेतल्या स्वातंत्र्याच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. १८६१ ते १८६५ या काळात तिथे गुलामगिरीवरून यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि तेजीत झालेली कर्जे अंगावर राहिली. पुढे १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिले, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. पुण्यात बसून शूद्रातिशूद्रांचे दुःख मांडणाऱ्या माणसाला तो लढा परका वाटला नाही. आपल्याला का वाटावा?

रास कुणाची?

लेव्हीपासून सुरुवात करू. इथे पांढऱ्या केसांची जी मंडळी बसली आहेत त्यांना लेव्ही काय ते सांगायला नको. तरुणांसाठी सांगतो. १९६० आणि १९७० च्या दशकांत या राज्यात तुमच्या ज्वारीवर आणि आमच्या भातावर सरकारी लेव्ही होती. जमीन किती, त्यावर धान्य किती घालायचे ते ठरायचे. भाव सरकारचा, बाजारापेक्षा कमी. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जायचा. पीक बुडाले तर बाजारातून चढ्या भावाने धान्य विकत घेऊन सरकारला स्वस्तात घालावे लागले, असे सांगणारी म्हातारी माणसे आमच्याकडे होती आणि तुमच्याकडेही असतील.

आता अमेरिकेतली गोष्ट ऐका. कॅलिफोर्निया राज्यात फ्रेस्नो म्हणून भाग आहे. द्राक्ष-बेदाण्याचा मुलूख, आपल्याकडे तासगाव तसा. तिथे मार्विन हॉर्न नावाचा शेतकरी. १९३७ च्या कायद्याखाली १९४९ साली तिथे बेदाण्याबद्दल हुकूम निघालेला. भाव पडू नयेत म्हणून एक समिती दरवर्षी ठरवणार, की अमुक टक्के माल राखीव म्हणून सरकारी खात्यात जमा करायचा. २००२-०३ साली हा हिस्सा होता ४७ टक्के. पुढच्या वर्षी ३० टक्के. या राखीव मालाचे पैसे पहिल्या वर्षी उत्पादन खर्चाहूनही कमी मिळाले. दुसऱ्या वर्षी काहीच मिळाले नाही.

हॉर्नने माल द्यायला नकार दिला. एका सकाळी आठ वाजता सरकारचे ट्रक त्याच्या दारात आले. त्याने फाटक उघडले नाही. मालाच्या किमतीपोटी सुमारे ४ लाख ८० हजार डॉलर आणि वर २ लाख डॉलरहून जास्त दंड, असा हिशेब सरकारने त्याच्यावर लावला. गडी हटला नाही. २२ जून २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊपैकी आठ न्यायमूर्तींनी सांगितले, की सरकार जसे मोबदला दिल्याशिवाय जमीन घेऊ शकत नाही, तसे मालही घेऊ शकत नाही. माल हलवता येतो म्हणून त्यावरचा हक्क हलका होत नाही. मुख्य न्यायमूर्तींनी निकालात थेट १२१५ सालच्या इंग्लंडच्या सनदेचा दाखला दिला. राजाच्या शिपायाने कुणाचे धान्य जागेवर दाम मोजल्याखेरीज उचलायचे नाही, असे त्या सनदेत लिहिले आहे. आठशे वर्षांपूर्वीचा नियम, आणि तो धान्याबद्दल आहे.

हॉर्न कशाच्या जोरावर लढला? त्यांच्या घटनेत १७९१ साली घातलेली एक ओळ आहे, की खाजगी मालमत्ता सार्वजनिक कामासाठी घ्यायची तर योग्य मोबदला दिलाच पाहिजे. आपल्याकडे काय आहे? मालमत्तेचा हक्क हा आपल्या घटनेत मूलभूत हक्क होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून काढला. आता कलम ३०० अ उरले आहे. त्याचा साधा अर्थ, कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. म्हणजे घ्यायची असेल तर आधी कायदा करा आणि मग घ्या.

आणि कायदा तयारच आहे. १९५५ चा आवश्यक वस्तू कायदा. साठा किती करायचा, भाव काय, वाहतूक कुठे, साठ्यातला माल सरकारला विकायचा की नाही, हे सगळे हुकूम काढून ठरवायची सोय त्यात आहे. हा कायदा १९७६ साली, आणीबाणीत, घटनेच्या नवव्या परिशिष्टात घातला गेला. नववे परिशिष्ट म्हणजे काय? १९५१ सालच्या पहिल्या घटनादुरुस्तीने बांधलेली कोठडी. तिथे ठेवलेल्या कायद्याला मूलभूत हक्क मोडतो म्हणून न्यायालयात आव्हान द्यायचे नाही. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी या कोठडीला खिडकी पाडली. २४ एप्रिल १९७३ नंतर तिथे घातलेले कायदे घटनेच्या मूळ चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील, असा निकाल दिला. पण खिडकीपर्यंत पोचायला वकील लागतो, पैसा लागतो, आणि वर्षे लागतात.

एकच गिऱ्हाईक

आता तुमच्या कापसाकडे येतो. १९७१ साली कायदा झाला आणि १९७२ च्या हंगामापासून एकाधिकार खरेदी सुरू झाली. व्यापारी लुटतो म्हणून व्यापाऱ्याला बाहेर काढले. हेतू चांगला सांगितला गेला. पण व्यापारी गेला म्हणजे गिऱ्हाइके गेली, आणि एकच गिऱ्हाईक उरले. संकलन केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगा, ग्रेडर म्हणेल ती प्रत, चुकारे हप्त्याहप्त्याने, आणि भांडवल निधी म्हणून ३ टक्के कपात. कापूस आपला. पण तो घेऊन राज्याची हद्द ओलांडली की शेतकरी तस्कर! शेजारच्या राज्यात चार पैसे जास्त मिळतात म्हणून रात्री गाडी जुंपणाऱ्याला पोलीस नाका आडवा यायचा. एकाच देशात, स्वतःच्या शेतात पिकवलेल्या मालासाठी.

न्याय करायचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बाहेर भाव पडले त्या वर्षी एकाधिकाराने आधार दिला, हे खरे आहे. तेव्हा बाहेरचा कापूस उलट महाराष्ट्रात यायचा. म्हणून अनेक शेतकरी भाऊ ही योजना राहावी म्हणत होते. पण पडत्या भावातला आधार आणि चढत्या भावातली बेडी एकाच कायद्याने बांधलेली होती. योजना तोट्यात बुडाली आणि २००२ साली खाजगी खरेदीला दार उघडले. पुढे २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला. तेव्हा कुणी नाका लावला नाही. एकाधिकार असता तर त्या वर्षी तुमच्या घरात किती आले असते, हा हिशेब ज्याचा त्याने मांडावा.

राज्याचा नाका गेला, पण दिल्लीचा राहिला. एप्रिल २०१० मध्ये भाव चढले, कापसाच्या निर्यातीला अडसर घातला. मार्च २०१२ मध्ये पुन्हा निर्यातबंदी. एप्रिल २०२२ मध्ये भाव चांगला होता, तर आयात शुल्क माफ. भाव वर गेला की निर्यातीचे दार बंद होते नाहीतर आयातीचे उघडते. दार कुठलेही असो, वारा गिरणीच्या बाजूनेच वाहतो.

२०२० साली केंद्राने तीन कायदे केले. त्यात आवश्यक वस्तू कायद्याला लगाम घालणारी दुरुस्ती होती. नाशवंत नसलेल्या मालाचा भाव वर्षात ५० टक्के वाढल्याशिवाय आणि फळे-भाजीपाल्याचा दुप्पट झाल्याशिवाय साठ्यावर मर्यादा नाही, असे तिच्यात होते. गंमत बघा. सप्टेंबर २०२० मध्ये हे विधेयक संसदेत होते त्याच दिवसांत कांद्याची निर्यात बंद केली. ऑक्टोबरात कांद्याच्या साठ्यावर मर्यादा आली. स्वातंत्र्याचा कायदा करणाऱ्या हाताला जुनी सवय सुटली नाही. पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्यांनी या कायद्यांविरुद्ध वर्षभर दिल्लीच्या वेशीवर ठाण मांडले. त्यांच्याकडे गहू-तांदळाची सरकारी खरेदी खात्रीची होती, ती जाईल ही त्यांची भीती. त्यांच्या जागी उभे राहिले तर ती भीती समजते. २०२१ च्या अखेरीस तिन्ही कायदे मागे घेतले गेले. त्याबरोबर ती दुरुस्तीही गेली आणि जुना आवश्यक वस्तू कायदा होता तसा उभा राहिला.

पेरा कुणाचा?

दुसरी गोष्ट पेऱ्याची. १९४१ साली अमेरिकेच्या ओहायो राज्यात रॉस्को फिलबर्न नावाच्या शेतकऱ्याला सरकारने ठरवून दिले, की गहू ११.१ एकरावरच पेरायचा. त्याने पेरला २३ एकर. जास्तीचा गहू घरच्या पिठाला, कोंबड्यांना, गुरांना आणि बियाण्याला, असे त्याचे म्हणणे. सरकारने ११७ डॉलर दंड केला. तो न्यायालयात गेला आणि १९४२ साली हरला. न्यायालय म्हणाले, तू घरचा गहू खाल्लास म्हणजे बाजारातला घेतला नाहीस. तुझ्यासारखे सगळेच वागले तर देशाच्या बाजारावर परिणाम होतो, तेव्हा सरकारला तुझ्या शेतात यायचा अधिकार आहे. आपल्या शेतातले आपल्या चुलीवर शिजवले तरी तो देशाचा व्यापार! या निकालावर तिथे आज ऐंशी वर्षांनंतरही वाद होतो.

आपल्याकडचा पेऱ्याचा प्रश्न बियाण्याचा. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर येथे शेतकऱ्यांनी तणनाशक सहन करणारे कपाशीचे बियाणे जाहीरपणे पेरले. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली यासाठी तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. अमेरिकेत असे बियाणे १९९७ पासून दुकानात मिळते. तिकडचा शेतकरी ज्याची पावती फाडून घेतो, ते इकडच्या शेतकऱ्याने पेरले की बेकायदा.

हेच बियाणे सगळ्यांनी पेरा असे मी म्हणत नाही. २०१७ च्या हंगामात बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळीने काय केले ते तुम्ही भोगले आहे. कुठलेही बियाणे जादूची कांडी नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की बंदीने चोरबीटी थांबली नाही, फक्त तिची पावती गेली. पावती नाही म्हणून उगवण झाली नाही तरी तक्रार कुणाकडे करणार? बंदी शेतकऱ्यावर बसते आणि फसवणारा मोकळा सुटतो.

सातबाऱ्यावरचे नाव

तिसरी गोष्ट आमच्या रायगडची. २००५ साली विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा झाला आणि पेण, उरण, पनवेल या तालुक्यांतल्या ४५ गावांवर महामुंबई सेझचे सावट आले. सुमारे दहा हजार हेक्टर जमीन. घेणार खाजगी कंपनीसाठी, आणि घ्यायची सरकारने, १८९४ च्या इंग्रजी भूसंपादन कायद्याने. मुलकी अधिकारी सरकारचा, नोटीस सरकारची, पोलीस सरकारचे, प्रकल्प कंपनीचा. शेतकऱ्याला विचारायची कायद्यात सोयच नव्हती. माणसे उठली. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे वडीलधारे पुढे झाले. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत जिल्हा प्रशासनाने शेतकऱ्यांचे मत घेतले. जमीन द्यायची की नाही, हे शेतकऱ्याला सरकारने मतपत्रिकेवर विचारले. त्या मतदानाचा निकाल अधिकृतपणे जाहीर झाला नाही. पण भूसंपादन मुदतीत पुरे झाले नाही आणि प्रकल्प बारगळला.

त्याच काळात अमेरिकेत काय चालले होते? कनेक्टिकट राज्यातल्या न्यू लंडन शहरात सुझेट केलो नावाची नर्स राहायची, नदीकाठच्या छोट्या घरात. नगरपालिकेने तो भाग विकासासाठी घ्यायचे ठरवले, शेजारी औषधाच्या बड्या कंपनीचे केंद्र येत होते म्हणून. कर वाढेल, रोजगार येईल, हेच सार्वजनिक हित. २३ जून २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी नगरपालिकेच्या बाजूने निकाल दिला. बाई हरली. पुढे ती कंपनी २००९ साली तिथून निघून जायचे म्हणाली, आणि घरे पाडलेली जागा वर्षानुवर्षे ओस पडली. पण तो निकाल लोकांना इतका झोंबला, की चाळीसहून जास्त राज्यांनी आपापले कायदे बदलले.

आपल्याकडेही १८९४ चा कायदा गेला. १ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा आला. खाजगी प्रकल्पासाठी ८० टक्के आणि सरकारी-खाजगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधितांची संमती हवी. वर्ष पुरे होते न होते तोच, डिसेंबर २०१४ मध्ये, अनेक प्रकल्पांना संमतीतून सूट देणारा वटहुकूम निघाला. देशभर विरोध झाला आणि ऑगस्ट २०१५ मध्ये तो सोडून द्यावा लागला. मायबहिणींनो, हक्क एकदा मिळाला म्हणजे कायमचा, असे समजू नका. कुंपणाची काठी कुठे उपटली गेली, हे रोज बघावे लागते.

अमेरिका काही सोवळी नाही

एवढे ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे अमेरिकेचे सगळे चांगले. तसे मुळीच नाही. स्वातंत्र्याच्या गप्पा मारणाऱ्या त्या देशाने आपल्या कापूसवाल्यांना एवढे अनुदान दिले, की जगाचा भाव पडला. ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि २००५ साली अपिलातही जिंकली. अखेर २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन तो तंटा मिटवला. तुमच्या कापसाला त्या वर्षांत जो भाव कमी मिळाला, त्याचे कुणी काही दिले नाही.

आणि अगदी अलीकडचे. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी बहुतेक भारतीय मालावर ५० टक्के आयात कर लावला. कापड आणि कपडे त्यात आले. त्याच महिन्यात दिल्लीने कापसावरचा ११ टक्के आयात कर उठवला, आधी सप्टेंबरअखेर, मग ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. ऐन वेचणीच्या तोंडावर. तिकडे एक सही झाली, इकडे एक सही झाली, आणि दोन सह्यांच्या मध्ये कोण सापडला? यवतमाळचा, परभणीचा, जळगावचा कापूसवाला. अमेरिकेतले छोटे आयातदार मात्र गप्प बसले नाहीत. कर लावायचा अधिकार संसदेचा, तो एकट्या राष्ट्राध्यक्षाला कुणी दिला, असे विचारत ते न्यायालयात गेले. सरकारला मर्यादा घाला म्हणतात ते याच साठी. सही चांगल्या माणसाची की वाईट, हा प्रश्न नंतरचा. एका सहीत एवढी ताकद असावी का, हा पहिला.

सरकार कशाला हवे?

आता खरा प्रश्न. सरकारला बांध घातला तर दुबळ्याला वाली कोण? हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो आमच्या जिल्ह्याचाच आहे. अलिबागजवळ चरी गावात १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे कुळांनी संप केला. खोताची जमीन कसायचे बंद केले. खोत म्हणजे तुमच्याकडचा मालगुजार समजा. नारायण नागू पाटलांनी तो लढा चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करायचे विधेयक मांडले. पुढे १९४९ साली कायद्याने खोती गेली. ते काम सरकारच्या कायद्याशिवाय झाले नसते. तेव्हा सरकार नकोच, असे म्हणणारा मी नाही. खोताच्या हातातून रास सोडवायला कायदा लागला. पण खोताच्या जागी सरकारच येऊन बसले तर काय मिळवले?

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. औषधात काय आहे, कुठल्या दोन औषधांचे मिश्रण करायचे नाही, अंगावर काय घालायचे, हे बघायला सरकार हवे होते. काटा बरोबर आहे का, व्यापाऱ्याने चुकारा दिला का, बियाणे पिशवीवर लिहिल्याप्रमाणे आहे का, धाकदपटशा करून कुणी सातबारा फिरवला का, हे सरकारचे काम. रस्ता, वीज, दवाखाना, वेळेवर निकाल देणारे न्यायालय, हेही सरकारचे काम. जिथे ते हवे तिथे सापडत नाही, आणि जिथे नको तिथे नाका लावून उभे असते.

हमीभावाचेही याच मापाने मोजू. कापूस महामंडळ हमीभावाने खरेदी करते. ८ टक्क्यांवर ओलावा गेला की भावात कपात, १२ च्या वर गेला की गाडी परत. तरीही पडत्या बाजारात ते गिऱ्हाईक उभे असले तर बरेच आहे. त्याला माझा विरोध नाही, कारण तिथे माल घालायची सक्ती नाही. दुसरीकडे जास्त मिळाले तर तुम्ही तिकडे जाता. फरक एवढाच लक्षात ठेवा. सरकार बाजारातले आणखी एक गिऱ्हाईक म्हणून आले तर त्याला बसायला घोंगडी टाका. आपल्या राशीचा मालक म्हणून आले तर हॉर्नने केले तसे फाटक लावून घ्या.

आणि आपणही दोन तोंडांनी बोलणे सोडले पाहिजे. भाव पडला की सरकारने सगळा माल घ्यावाच म्हणायचे, आणि चढला की सरकारने बाजूला व्हावे म्हणायचे, हे जमणार नाही. पडत्या भावात ज्या हाताला सगळे अधिकार देऊन बसाल, तोच हात चढत्या भावात नाका लावील. एकाधिकाराने आपल्याला हे तीस वर्षे शिकवले.

इथून गावी गेल्यावर एक काम करा. शेतीवरचा कुठलाही नवा कायदा, हुकूम किंवा योजना आली, मग ती कुठल्याही पक्षाची असो, ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. आमचे काही घेणार असाल तर पुरते दाम जागेवर मिळणार का? आम्हाला पटले नाही तर न्यायालयाचे दार उघडे आहे का? आणि हा अधिकार सरकारकडे किती दिवस राहणार, त्याला शेवट आहे का? तिन्ही उत्तरे लेखी मागा. ग्रामसेवकाकडे नसतील तर तहसीलदाराकडे मागा, तिथे नसतील तर आमदाराकडे. उत्तर येत नाही तोवर त्या योजनेच्या नावाने टाळ्या वाजवू नका, आणि तिच्या कागदावर अंगठाही उठवू नका.